दोन मीटर वायर

वायर बनवणाऱ्या कारखान्यात मी टेस्टिंगला होते. रबाळ्याच्या एमआयडीसीत. मशीनवरून उतरलेल्या प्रत्येक ड्रममधून दोन-दोन मीटरचे तुकडे कापून घ्यायचे, त्यांचा रेझिस्टन्स मोजायचा, वरचं प्लास्टिक वाकवून तडकतंय का बघायचं, पाण्यात बुडवून जास्तीचं व्होल्टेज सोडायचं. दिवसभर हेच. कुठल्या जाडीची तांब्याची तार किती वीज अडवते, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यामुळे माझा नवरा जेव्हा म्हणाला की अँप्लिफायरला वीज आणणारी मेन वायर बदलली की गाणं बदलतं, तेव्हा मी हसले.

ते हसणं त्याला लागलं. पुढचे चार-पाच महिने आमच्या घरात जे काही चाललं, त्याची सुरुवात त्या हसण्यापासून झाली असं मला बरेच दिवस वाटत होतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही घणसोली गावात भाड्याने राहत होतो. मालकीणबाईंच्या घराला मागून जोडून काढलेली एक खोली आणि तिच्या पलीकडे स्वयंपाकापुरती पडवी. सिडकोच्या घरासाठी फॉर्म भरला होता, नंबर लागायचा होता. नवरा साताऱ्याकडचा, आयटीआय केलेला, रबाळ्यालाच दुसऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपला. पत्र्यातून गाड्यांचे भाग ठोकून काढायचं काम. आमची ओळख बसमधली, लग्न आमच्या मर्जीचं. सासरी गेलं की मी त्याला 'अहो' म्हणायची, खोलीत आलं की 'अरे'.

गाण्याचं वेड त्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतले जवळजवळ सगळे रविवार त्याने अँप्लिफायर बनवण्यात घालवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणायचा, डाळीच्या रिकाम्या डब्यांत वर्गवारी करून ठेवायचा आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोल्डरिंग करत बसायचा. स्पीकरची खोकी गावातल्या सुताराकडून करून घेतली. रेकॉर्ड प्लेअर त्याच्या मामांकडून आलेला. सगळं जोडून पहिल्यांदा तबकडी लावली तेव्हा मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई खोलीत बसून गाते हाय असा वाटतंय." त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

ती तबकडी एका गायिकेच्या भजनांची होती. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या भजनात तबल्याबरोबर मंजिऱ्या, म्हणजे चिमुकल्या झांजा, वाजतात. त्याला त्या मंजिऱ्या फार आवडायच्या. त्या ऐकताना तो बोट वर करायचा, म्हणजे मी बोलणं थांबवायचं.

मग दोनेक वर्षांनी एक दिवस तो म्हणाला, "आवाज मेलाय."

मला तर काही फरक वाटत नव्हता. मी तसं सांगितलं.

"तुला नाही कळायचं. वरचा आवाज गेलाय. गोधडी टाकल्यासारखं वाटतंय."

त्याने सुई बदलली. स्पीकरच्या वायरी बदलल्या. अँप्लिफायर उघडून त्यातले कंडेन्सर काढून नवे घातले. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस बरा जायचा आणि पुन्हा तेच. मग एका रविवारी त्याने मेन वायरचा प्लग उघडला, तर आतला स्क्रू सैल होऊन पितळ काळं पडलेलं. त्याने नवी वायर, नवा तीन पिनांचा प्लग लावला, अर्थिंग जोडलं. आणि खरंच, स्पीकरमधून सतत येणारी बारीक घरघर गेली. अधूनमधून तडतडायचं तेही थांबलं. हे मलाही ऐकू आलं, मी कबूल केलं.

ते कबूल करणं चुकलं, असं नंतर वाटायचं. सैल स्क्रू घट्ट झाला म्हणून तडतड गेली आणि अर्थिंग मिळालं म्हणून घरघर गेली, इतकं साधं होतं ते. पण त्याच्या डोक्यात बसलं की वायरीने फरक पडतो. दुकानात कुणीतरी त्याला सांगितलं की परदेशात लोक मनगटाएवढ्या जाड मेन वायरी लावतात, जितकी जाड वायर तितका मोकळा आवाज. त्याने अँप्लिफायरच्या मागे सॉकेट बसवलं, म्हणजे वायर पटकन काढता-घालता येईल. मग गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक जाड वायर आणली. ती लावून डोळे मिटून बसला.

"आहे फरक," म्हणाला. "पण अजून पाहिजे तसं नाही."

तेव्हा मी हसले. म्हटलं, "अरे, विजेच्या खांबापासून आपल्या घरापर्यंत जी अल्युमिनियमची तार येते ती किती जुनी आहे बघ. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की दोनशेच्या खाली व्होल्टेज जातं, मीटर लावून तूच दाखवलंस मला. आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये काय जादू होणार?"

"मग सकाळी गिरणी बंद असताना वेगळं का वाटतं?"

"ते व्होल्टेजमुळे वाटत असेल. वायरीचा काय संबंध?"

तो एकदम ओरडला, "तुला सगळंच माहीत! मी काय बहिरा आहे?"

हल्ली तो असाच बोलायचा, चढ्या आवाजात. मी पडवीतून काही विचारलं तर उत्तरच द्यायचा नाही, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर वैतागायचा. मला वाटायचं, नोकरी करणारी बायको, तीही टेक्निकल कामात, त्याला आता खुपायला लागली आहे. मालकीणबाईंचंही त्याच्याबद्दल मत बदललं होतं. एकदा मला म्हणाल्या, "तुजा नवरा आयकत नाय का गो? पानी आलाय म्हनून तीन हाका मारल्या, वलून पन बघला नाय. एवरा कसला माज?"

"कामाचं टेन्शन आहे, काकी," मी म्हटलं.

टेन्शन होतंच. त्याच सुमारास त्याच्या शॉपमध्ये एक प्रकार झाला होता. वरून क्रेनने जड डाय, म्हणजे पत्रा ठोकायचा लोखंडी साचा, नेताना क्रेनवाला घंटी वाजवतो, खालच्यांनी बाजूला व्हायचं. हा बाजूला झाला नाही. शेवटच्या क्षणी कुणीतरी त्याला दंडाला धरून ओढला. घरी आला तेव्हा दंडावर चार बोटांचे वळ उठले होते. "घंटी वाजवलीच नाही साल्याने," तो सांगत होता. क्रेनवाल्याशी त्याची मारामारी होता होता राहिली होती. मीही त्या क्रेनवाल्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मग तो माझ्या मागे लागला. आमच्या कारखान्यात एक खास वायर बनायची, बारीक तारांचा गुंफलेला जाड गाभा, वरून तांब्याची जाळी. मोठ्या मशीनसाठी. "दोन मीटरचे तुकडे तर तुम्ही फेकूनच देता," तो म्हणायचा. "एक आण."

"ते भंगारात जातं. मोजून जातं."

"एका तुकड्याने काय होतंय?"

रोज हेच. जेवताना हेच. शेवटी एका संध्याकाळी मी टेस्ट झालेला एक तुकडा गुंडाळून पिशवीत डब्याखाली ठेवला आणि गेटच्या रांगेत उभी राहिले. बायकांच्या पिशव्या तपासायला एक बाई असायची. माझ्यापुढे तीन जणी होत्या. सहा वर्षांत त्या बाईने माझी पिशवी नीट उघडूनही पाहिली नव्हती, विश्वासच तेवढा होता. दोन जणी उरल्या. मग एक. मी "चष्मा विसरले" असं काहीतरी पुटपुटत रांगेतून बाहेर पडले आणि जवळजवळ पळतच टेस्टिंग रूममध्ये आले.

तिथे आमचे साहेब होते. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मी पिशवीतून वायर काढून टेबलावर ठेवत असताना त्यांनी पाहिलं. त्यांनी वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बसा. पाणी प्या."

मग मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, "वायरीने फरक पडत नाही हे तुम्ही त्यांना सांगून पटणार नाही. आपण वायर टेस्ट करतो तेव्हा ड्रमवर कुठल्या मशीनचं नाव आहे ते झाकतो की नाही? तसं करा. कुठली वायर लावली हे त्यांना कळू द्यायचं नाही. त्यांनी नुसतं ऐकून सांगायचं. दहा वेळा. मग ते स्वतःच ठरवतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नावाने गेटपास लिहिला, 'टेस्ट केलेला निकामी तुकडा, एक'. मी तो पिशवीच्या वरच ठेवून बाहेर पडले.

नवऱ्याला मी सांगितलं की वायर आणली आहे, पण एका अटीवर. तो लगेच तयार झाला. त्याला वाटलं, मी हरणार.

रविवारची दुपार. गिरणीला त्या दिवशी सुट्टी असायची, म्हणून व्होल्टेजचं कारणही उरलं नव्हतं. खोलीत आडवी दोरी बांधून मी तिच्यावर चादर टाकली. चादरीच्या अलीकडे तो खुर्चीवर, दोन्ही बाजूंना स्पीकर. पलीकडे मी, अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन वायरी: एक त्याने प्लग बदलताना लावलेली साधी बारीक काळी, दुसरी कारखान्यातली जाड, तिलाही प्लग त्यानेच बसवले होते. मी आधीच चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला होता आणि कागदावर लिहून ठेवला होता. दर वेळी अँप्लिफायर बंद, वायर काढल्यासारखा आवाज, वायर घालायची, चालू, आणि त्या शेवटच्या भजनाचा तोच तुकडा.

"जाड," तो म्हणाला. बारीक होती.

"बारीक." बारीकच होती.

"जाड. ही नक्की जाड." ती जाड होती. त्याच्या आवाजात जोर आला.

चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत तो उत्तर द्यायला वेळ घेऊ लागला. "परत लाव," म्हणायचा. खुर्ची करकरायची. पत्रा तापून खोलीत उकडत होतं, पंखा आवाज करतो म्हणून त्यानेच बंद ठेवला होता. मी चादरीच्या मागे घामाने भिजले होते आणि खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं. गेटच्या रांगेतली ती तीन मिनिटं मला त्याच्याकडून वसूल करायची होती.

सातव्या वेळी जाड वायर सॉकेटमध्ये बसेना. मी अँप्लिफायर एका हाताने धरून जोर लावला, आणि तसं करताना माझा पंजा समोरच्या बटणांवर फिरला. मी चालू केलं, सुई ठेवली, आणि दचकले. मंजिऱ्या गायब. तबल्याची चाट गेली, नुसता घुमारा उरला. गायिका जणू उशीत तोंड खुपसून गात होती. मी पाहिलं तर ट्रेबलचं, म्हणजे वरचा आवाज कमी-जास्त करायचं, बटण पार डावीकडे, शून्यावर आलेलं.

आता तो म्हणेल, तू काहीतरी केलंस. मी बटणाकडे हात नेला.

"आधीच्यासारखंच आहे," चादरीपलीकडून तो म्हणाला. "काही फरक नाही. बहुतेक बारीक."

माझा हात तिथेच थांबला.

मी सुई उचलली. तोच तुकडा पुन्हा लावला आणि गाणं चालू असताना बटण हळूहळू उजवीकडे नेलं, पूर्ण. मंजिऱ्या इतक्या टोकदार झाल्या की माझ्या दातांत कळ गेली. मी चादर जराशी बाजूला करून पाहिलं. तो डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून बसला होता. चेहऱ्यावर काही हललं नाही. मी बटण पुन्हा शून्यावर नेलं. पुन्हा पूर्ण. पुन्हा शून्य. तो तसाच बसलेला.

"झालं का? पुढची लाव की," तो म्हणाला.

उरलेल्या तीन वेळा मी कशा केल्या मला आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट होती. क्रेनची घंटी. ती वाजली होती. क्रेनवाल्याने ती वाजवली होती, सगळ्यांना ऐकू आली होती, आणि उद्या सकाळी पहिल्या पाळीला हा पुन्हा त्या क्रेनखाली उभा राहणार होता.

त्याने चादर ओढून काढली. "किती बरोबर?"

मी कागद पुढे केला. दहातली पाच.

त्याने कागद दोनदा वाचला. "पाच म्हणजे नाणं उडवलं असतं तरी आली असती."

"हो."

"तू मध्ये काहीतरी गडबड केलीस. सातव्या वेळी खूप वेळ लावलास."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने वाट करून दिली होती. पण तो हरलेला होता, घामाघूम होता, आणि त्याच क्षणी त्याला आणखी हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. मी म्हटलं, "वायर बसत नव्हती." तो चपला घालून बाहेर पडला. संध्याकाळी आला, जेवला. मी पडवीतून एक-दोनदा हळू आवाजात त्याला हाक मारून पाहिली. पाठ माझ्याकडे होती. वळला नाही. मग मोठ्याने हाक मारली, तेव्हा म्हणाला, "काय आहे?"

सकाळी तो दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उकिडवी बसले, त्याला माझं तोंड दिसेल अशी.

"त्या दिवशी क्रेनची घंटी वाजली होती," मी म्हटलं.

"काय?"

"घंटी वाजली होती. तुला ऐकू आली नाही. काल मी ट्रेबल शून्यावर आणलं, पूर्ण केलं, चार-पाच वेळा केलं. तुला कळलं नाही."

त्याने हातातली नाडी सोडली. मग एक पाय अर्धवट बांधलेल्या नाडीसकट जमिनीवर आपटला. "तू मला फसवून टेस्ट करत होतीस? वायरीच्या नावाखाली?"

"नाही रे. चुकून हात लागला."

"आणि रात्रभर गप्प राहिलीस."

"आज जाऊ नकोस. डॉक्टरकडे जाऊ."

"आणि कारखान्यात काय सांगू? बहिरा झालोय म्हणून? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील!" तो ओरडतच उठला आणि सायकल काढून निघून गेला. डबा ओट्यावरच राहिला.

मी बसने कामाला गेले. एक तुकडा मोजला, आकडा लिहिला, दुसरा मोजला, पहिल्याच्याच ओळीत लिहिला. कुठेही लोखंड आपटल्याचा आवाज आला की मी दाराकडे बघायची. अकराच्या सुमारास साहेब म्हणाले, "तुम्ही आज घरी जा." मी घरी गेले नाही. डबा मी सकाळी पिशवीत टाकला होता. तो घेऊन मी त्याच्या कारखान्याच्या गेटवर गेले आणि वॉचमनला म्हटलं, "डबा विसरलेत, द्यायचाय."

वॉचमन डबा आत पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, हातातच द्यायचाय. तो आत निरोप सांगायला गेला. आतून प्रेसचे ठोके येत होते, जमिनीतून तळव्यांना जाणवत होते. मी ठोके मोजत राहिले. इतका वेळ का लागतोय, हे त्या वॉचमनच्या केबिनमधल्या घड्याळाकडे बघून मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल.

तो आला. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं जागच्या जागी. मी गेटच्या भिंतीला हात टेकला.

त्याने डबा घेतला नाही. मला बाजूला, रस्त्याच्या कडेला असलेल्या बाभळीखाली नेलं.

"क्रेनवाल्याला सांगितलं," तो म्हणाला. "चहाच्या सुट्टीत. म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, तू घंटी वाजव. वाजली की मी हात वर करतो. प्रेस तेव्हा बंद होते, शॉप शांत होतं."

"मग?"

"त्याने सात-आठ वेळा वाजवली म्हणे. मी दोनदाच हात वर केला. आणि त्यातला एक अंदाजाने."

एक ट्रक धूळ उडवत गेला. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो. 

"मी मोठ्याने बोलतो का?" त्याने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं झाली असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तू माझ्यावर चिडलेला असतोस."

"दोन वर्षं?"

"हो."

त्याचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना. तो म्हणाला, "मला वाटायचं, तू हल्ली मुद्दाम पुटपुटतेस. मी ऐकू नये म्हणून." 

भर रस्त्यात, युनिफॉर्ममध्ये, त्याने माझा हात धरला. वॉचमन बघत होता. त्या काळात आमच्यासारखी माणसं असं करत नसत.

ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका लहानशा बंद खोलीत त्याला हेडफोन लावून बसवलं, काचेतून मला तो दिसत होता. आवाज आला की बोट वर करायचं. सुरुवातीला बोट भराभर वर येत होतं. मग थांबलं. यंत्रावरची बाई एकामागून एक बटणं दाबत होती आणि आत तो अगदी लक्ष देऊन, श्वास रोखून, काहीच न ऐकता बसला होता. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ, मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली. प्रेसच्या ठोक्यांनी असं होतं, म्हणाले. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं जपा.

बसमध्ये त्याने एकदाच विचारलं, "म्हणजे मी वायरी बदलत बसलो तेव्हा..."

"हो," मी म्हटलं. 

ती जाड वायर आम्ही काढली नाही. अँप्लिफायरला तीच राहिली, कारण वायर म्हणून ती चांगली होती आणि प्लगमध्ये घट्ट बसायची. पुढे ओळखीतलं कुणी त्याला विचारायचं की मेन वायरीने आवाज सुधारतो का, तर तो हसून माझ्याकडे बोट दाखवायचा. मी म्हणायची, प्लग सैल असेल तर नीट करा, अर्थिंग नसेल तर जोडा, पुढचा खर्च करायच्या आधी कुणाला तरी चादरीमागे उभं करा. एवढंच मला माहीत आहे. त्याहून जास्त जाणणारी माणसं असतील.

पण त्या दिवसांत आमच्यापुढे प्रश्न नोकरीचा होता. फोरमनला सांगायचं की नाही यावर आम्ही आठवडाभर बोललो, आता समोरासमोर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. त्या आठवड्यात तो रजेवर होता. शेवटी तो रिपोर्ट घेऊन गेला. फोरमनने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "हे आपल्या दोघांत ठेव. तुला मी क्रेनपासून लांबच्या प्रेसवर टाकतो. गवगवा केलास तर उद्या सगळे रिपोर्ट घेऊन येतील."

घरी येऊन त्याने मला हे सांगितलं. मी विचारलं, "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, येऊ देत ना. त्यांचेही कान गेलेत का बघू दे त्यांना."

त्यानंतरचे तीन-चार महिने वाईट गेले. त्याला कधी झाडू मारायला लावलं, कधी दिवसभर नुसतं बाकावर बसवून ठेवलं. युनियनवाले आधी लक्ष देईनात. मग त्याला ओढून वाचवणारा माणूस स्वतःच ठाण्याला जाऊन रिपोर्ट घेऊन आला. मग क्रेनवाला. मग आणखी काही जुने. बहुतेकांची ती रेघ तशीच, जिन्यावरून पडलेली. शेवटी कंपनीने कानावर लावायचे मफ मागवले, क्रेनला घंटीबरोबर फिरता लाल दिवा लावला आणि माझ्या नवऱ्याला स्टोअर्सला टाकलं. ओव्हरटाइम गेला, पगार कमी झाला, पण नोकरी राहिली.

मफ स्टोअर्सच्या खिडकीतून तोच द्यायचा. लोक ते गळ्यात अडकवून फिरायचे, गरम होतं म्हणायचे, टोपीवर बसत नाही म्हणायचे. तो खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्याच्या कानांवर स्वतः चढवायचा आणि मगच रजिस्टरवर सही घ्यायचा. एकदा एका जुन्या प्रेसवाल्याने ते लगेच काढून खिडकीच्या फळीवर आपटले आणि म्हणाला, "हे घातल्यावर मला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही."

माझ्या नवऱ्याने ते उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरले. "मला आता न घालतासुद्धा येत नाही," तो म्हणाला. "घाल."